पीजीराउटिंगवर एक अख्खा पावसाळा काढला, त्याचा अनुभव

पीजीराउटिंग म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या आतच रस्त्यांचे मार्ग काढून देणारं एक्स्टेन्शन. हे लिहायचं निमित्त म्हणजे मागच्या महिन्यात आमचा डेटाबेस भर सकाळी, गाड्या भरायच्या वेळेलाच बसला, आणि त्यानंतर होस्टिंगवाल्यांशी दोन दिवस जी वादावादी झाली त्यातनं बऱ्याच गोष्टी नीट कळल्या. त्या लिहून ठेवतो, कुणाचे तरी पैसे वाचतील. पोस्टग्रेस, त्यावरचं नकाशांचं पोस्टजीआयएस म्हणजे काय, ओएसएमचा (ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटा कुठनं उतरवायचा, हे माहीत आहे असं धरून चाललोय.

आमचं काम साधं आहे. साताऱ्यातनं ठिबकचं सामान डीलर लोकांना पोचवायचं. लॅटरल, फिल्टर, मल्चिंग पेपर. वाई, पाचगणी, महाबळेश्वरचे स्ट्रॉबेरीवाले आणि घाटाखाली पोलादपूर, महाड, चिपळूण, गुहागर, दापोली. गाड्या म्हणजे छोटा हत्ती आणि पिकअप. आधी एक पेड मॅप सेवा वापरायचो, ती प्रत्येक जोडीमागे पैसे लावायची. वीस ठिकाणं असली की एकमेकांतली अंतरं काढायला ३८० जोड्या होतात, आणि ऑर्डर बदलली की परत सगळं पहिल्यापासून. महिन्याचं बिल बघून मालक म्हणाले हे बंद करा. पीजीराउटिंग फुकट आहे आणि आपल्याच डेटाबेसमध्ये बसतं, म्हणून तिकडे वळलो.

बसवायचं फारसं सांगत नाही. जिओफॅब्रिकच्या साइटवरनं ओएसएमचा भारताचा वेस्टर्न झोन घ्या, ऑस्मियम या टूलने लागणारे जिल्हे कापून काढा आणि ओएसएम-टू-पीजीराउटिंगने टेबलात भरा. या टूलला पीबीएफ फाइल चालत नाही, एक्सएमएल करून द्यावी लागते, आणि रॅम भरपूर खातं, त्यामुळे हे काम लॅपटॉपवर करून डंप सर्व्हरवर चढवणं बरं. एकच गोष्ट मात्र आवर्जून बघा. या टूलने बनवलेल्या टेबलात जो ‘कॉस्ट’ नावाचा, म्हणजे रस्त्याचा तुकडा पार करायच्या किमतीचा, कॉलम येतो तो अंशांमध्ये असतो, मीटरमध्ये नाही. मीटरसाठी ‘लेंग्थ एम’ आणि सेकंदांसाठी ‘कॉस्ट एस’ वेगळे कॉलम आहेत. साताऱ्याच्या अक्षांशाला पूर्व-पश्चिम एक अंश साधारण १०६ किलोमीटर भरतो आणि उत्तर-दक्षिण एक अंश ११० च्या वर, म्हणजे अंशांवर हिशेब केला की आडवे रस्ते आहेत त्यापेक्षा लांब दिसतात आणि उत्तर हळूच चुकतं, एरर कुठेच येत नाही. नेटवरच्या निम्म्या उदाहरणांत सरळ तोच कॉलम टाकलेला असतो.

आता मुख्य दुखणं. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण सुरुवातीचे कित्येक आठवडे माझा सगळा राग यावरच होता.

पीजीराउटिंगचं कुठलंही फंक्शन घ्या, डायक्स्ट्रा, ए-स्टार (दोन्ही कमीत कमी कॉस्टचा रस्ता शोधायच्या पद्धती), दोन्ही टोकांकडनं शोधणारं डायक्स्ट्रा, सगळ्यांना पहिला पॅरामीटर म्हणून एक एसक्यूएल मजकूर द्यायचा असतो, ज्यातनं रस्त्याच्या तुकड्यांचा आयडी, सोर्स आणि टार्गेट (तुकड्याची दोन टोकं), कॉस्ट आणि रिव्हर्स कॉस्ट (उलट दिशेची कॉस्ट) येते. फंक्शन बोलावलं की ते ही क्वेरी चालवतं, आलेल्या सगळ्या ओळी मेमरीत घेतं, बूस्ट नावाच्या सी प्लस प्लसच्या लायब्ररीत त्यांचं जाळं बांधतं, त्यात रस्ता शोधतं, उत्तर देतं आणि जाळं फेकून देतं. पुढच्या क्वेरीला परत पहिल्यापासून. म्हणजे राजवाड्यावरनं पोवई नाक्यापर्यंतचा, गावातल्या गावातला रस्ता विचारा नाहीतर साताऱ्याहून दापोलीचा विचारा, वेळ जवळपास सारखाच लागतो, कारण वेळ खातंय ते चार जिल्ह्यांचं जाळं बांधणं. शोधणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. डायक्स्ट्राने १९५९ साली छापलेली पद्धत आजच्या मशीनवर एवढ्या जाळ्यात पटकन निघून जाते.

आणि हे बाहेरनं दिसत नाही हा खरा त्रास. क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावलं तर फंक्शन स्कॅन एवढी एकच ओळ येते, आत काय चाललंय ते कळत नाही. सगळे सांगतात ए-स्टार वापरा, फास्ट आहे. लावून बघितलं, फरक शून्य. एक तर जाळं तेवढंच बांधायचंय, आणि दुसरं म्हणजे ए-स्टार उरलेल्या अंतराचा अंदाज नोडच्या (रस्त्याचे तुकडे जुळतात त्या बिंदूच्या) एक्स-वायवरनं काढतं, ते अंशांत, आणि कॉस्ट दिलीय मीटरमध्ये. हजारो मीटरच्या तुलनेत अर्ध्या अंशाचा अंदाज म्हणजे काहीच नाही, त्यामुळे ते निमूटपणे डायक्स्ट्रासारखंच सगळीकडे पसरत जातं. त्यासाठी फॅक्टर नावाचा पॅरामीटर आहे, पण तो जास्त झाला की अंदाज खऱ्या अंतरापेक्षा मोठा होतो आणि मग सर्वांत जवळचा रस्ता मिळेलच याची हमी जाते. मी ए-स्टार सोडून दिलं.

आता त्या सकाळचं. डिस्पॅचच्या स्क्रीनवर तिघं जण एकाच वेळी मार्ग काढत होते, प्रत्येक बटणामागे एक कनेक्शन, प्रत्येक कनेक्शनमध्ये स्वतंत्र जाळं. हे जाळं सी प्लस प्लसच्या मेमरीत बांधलं जातं, पोस्टग्रेसच्या वर्क मेम या मेमरीच्या मर्यादेचा त्याला काही लगाम नाही. रॅम संपली, लिनक्सने एक प्रोसेस मारली, आणि पोस्टग्रेसचा नियम असा की एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) असा मारला गेला की शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने तो बाकीची सगळी कनेक्शनं तोडून परत उभा राहतो. म्हणजे मार्ग तर गेलेच, वर त्याच डेटाबेसवरचं बिलिंगही मध्येच तुटलं. काउंटरवर डीलरची माणसं उभी आणि चलन निघेना.

होस्टिंगवाल्यांना तिकीट टाकलं तर पहिलं उत्तर, प्लॅन वाढवा. दुसरं उत्तर, तुमचं अ‍ॅप्लिकेशन मेमरी लीक करतंय. मी कर्नलचा लॉग काढून पाठवला, कुठली प्रोसेस कधी मारली ते दाखवलं, तर तिसऱ्या माणसाने परत प्लॅन वाढवायचीच लिंक पाठवली. दुप्पट पैशाचा प्लॅन घेतला असता तर फार तर तिघांच्या जागी सहा जणांनी बटण दाबेपर्यंत टिकलं असतं, मूळ प्रश्न तिथेच. ओव्हरकमिट, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करणं, बंद ठेवायची सेटिंग असते, ती केली की अख्खा सर्व्हर पडायच्या ऐवजी त्या एका क्वेरीला मेमरी संपल्याची एरर येते, हे एवढं साधं त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नाही. पैसे देऊन सपोर्ट घेतो तो कशासाठी मग.

इलाज शेवटी पीजीराउटिंगमध्येच होता. ३.१ पासून डायक्स्ट्राला जोड्यांची वेगळी क्वेरी देता येते, की या-या ठिकाणाहून त्या-त्या ठिकाणी. सगळ्या जोड्या एकाच हाकेत जातात आणि जाळं एकदाच बांधलं जातं. ३८० जोड्यांना जिथे ३८० वेळा बांधकाम होत होतं तिथे एकदा. नुसती अंतरं हवी असतील, मार्ग नको असेल, तर कॉस्ट मॅट्रिक्सचं फंक्शन आहे, तेही एकाच जाळ्यावर सगळं काढतं. जोडीला अ‍ॅडव्हायझरी लॉक लावला, म्हणजे एका वेळी एकच मार्ग-क्वेरी चालते, बाकीच्या रांगेत थांबतात. पायवाटा, जिने, सोसायट्यांच्या आतले रस्ते एजेसच्या, म्हणजे रस्त्याच्या तुकड्यांच्या, क्वेरीतनं गाळले, आणि भूमितीचा कॉलम तिथे घेतच नाही, तो शेवटी जोडता येतो. प्लॅन तोच आहे, डेटाबेस परत बसलेला नाही.

आता हे गाळणं वाढवत नेलं की सगळे एक युक्ती सांगतात, सुरुवात आणि शेवट यांच्याभोवती चौकट आखा, थोडी फुगवा आणि चौकटीतलेच रस्ते जाळ्यात घ्या. देशावर ही युक्ती चालते. आमच्याकडे चालत नाही आणि का चालत नाही ते सांगतो, कारण इथेच माझं मत बदलायला लागलं.

साताऱ्याहून महाडला जायला नेहमीचा रस्ता वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटातनं पोलादपूर. दुसरा शिरवळवरनं भोर आणि वरंधा घाट. पावसाळ्यात वरंधा जड वाहनांना बंद ठेवायचा आदेश गेली काही वर्षं निघतो, अलर्ट असला की सगळ्यांनाच. आणि आंबेनळीत दरड आली की तोही गेला, २०२१ च्या जुलैत तो रस्ता कसा वाहून गेला होता ते या भागातल्या प्रत्येकाला आठवत असेल. दोन्ही बंद असले तर उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचं आणि तिथनं महामार्गाने कशेडी ओलांडून उत्तरेला महाडला यायचं. आता नकाशावर बघा, सातारा आणि महाड या दोन बिंदूंची चौकट काढली तर पाटण आणि चिपळूण दोन्ही तिच्या खाली, दक्षिणेला पडतात. अंशाचा दहावा भाग फुगवली तरी आत येत नाहीत. मग फंक्शन रिकामं उत्तर देतं, एरर नाही काही नाही, शून्य ओळी. नाहीतर चौकटीत अडकलेल्या एखाद्या कच्च्या वाटेवरनं पिकअप घालायला सांगतं. सह्याद्रीत जवळचा रस्ता दोन बिंदूंच्या मध्येच असेल असं धरताच येत नाही, तो जिथे घाट फोडलाय तिथनं जातो. म्हणून चौकट काढून टाकली, चारही जिल्हे पूर्ण घेतो.

आणि मग जुलैतल्या एका संध्याकाळी आमच्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हर मामांचा फोन आला. “दादा, वरंध्याला परवापासनं बंदी लागलीय, जड गाडी सोडत न्हाईत. उद्याची पिकअप कुठनं काढायची ते आत्ताच सांगा, म्हंजी डिझेलचं बघतो.” मी म्हटलं, मामा थांबा दोन मिनिटं, फोन ठेवू नका. बंद रस्त्यांचं एक टेबल केलेलं आहे, त्यात घाटाभोवती काढलेला एक बहुभुज, कधीपासून, कधीपर्यंत आणि कुठल्या गाडीला बंदी, एवढेच कॉलम. एक ओळ घातली. एजेसची क्वेरी या टेबलाशी जोडलेली आहे, बहुभुजात सापडणाऱ्या तुकड्यांना ती उणे कॉस्ट देते, आणि पीजीराउटिंगमध्ये उणे कॉस्ट म्हणजे त्या दिशेला तो रस्ता अस्तित्वातच नाही. पुढची क्वेरी मारली, मार्ग आंबेनळीतनं आला, मामा लाइनवरच होते, त्यांना सांगितला. काही रीस्टार्ट नाही, डेटा परत बांधणं नाही.

हे जमलं कशामुळे, तर जाळं दर वेळी नव्याने बांधलं जातं म्हणूनच. ज्या गोष्टीवर मी आठवडेच्या आठवडे चिडून होतो तीच. ओएसआरएमसारखी जी खरंच वेगवान इंजिनं आहेत ती रस्त्यांचं जाळं आधीच कुटून-चाळून ठेवतात, म्हणून मिलिसेकंदांत उत्तर देतात, पण कॉस्ट बदलली की ती तयारी, निदान तिचा काही भाग, परत करावा लागतो. शहरात हजारो गिऱ्हाइकांना सेकंदाला शंभर मार्ग द्यायचे असतील तर तेच घ्या, पीजीराउटिंगच्या नादी लागू नका. पण आमच्यासारख्यांना दिवसाला मोजके मार्ग लागतात आणि घाट रोज बदलतो. काही सेकंद थांबायला माझी आता अजिबात हरकत नाही.

एकदा हे डोक्यात बसलं की कॉस्ट म्हणजे अंतरच असायला हवं असं काही नाही हेही दिसायला लागतं. मी ती रुपयांत केली. प्रत्येक तुकड्याला डिझेलचा खर्च, आणि टोलनाक्याच्या तुकड्यावर टोलची रक्कम सरळ मिळवली. साताऱ्याहून महाबळेश्वरला आनेवाडीचा टोल भरून वाईमार्गे जायचं की मेढा, केळघरवरनं, याचं उत्तर आता गाडीप्रमाणे आणि मालाच्या वजनाप्रमाणे बदलतं, कारण चढाचा खर्चही धरलाय. एसआरटीएमचा (अंतराळातनं मोजलेला) उंचीचा रास्टर, म्हणजे चौकोनांत मांडलेला नकाशा, पोस्टजीआयएसमध्ये घेतला, तुकड्याच्या दोन्ही टोकांची उंची काढली, आणि चढताना जास्त, उतरताना कमी. कॉस्ट आणि रिव्हर्स कॉस्ट हे दोन वेगळे कॉलम असल्याचा खरा फायदा इथे आहे. लोक तो फक्त वन-वेसाठी वापरतात, म्हणजे खंबाटकीचा जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी, अशा जागी एका बाजूला उणे एक टाकायचं. तेही बरोबरच आहे, पण एकाच घाटाचे चढायचे आणि उतरायचे दर वेगळे ठेवता येणं हे त्याहून मोठं आहे. मालकांना ही रुपयांची रांग दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसून घेतलं आणि अर्धा तास वेगवेगळी गावं टाकून बघत होते.

यात एक खोच आहे, बोगदे. एसआरटीएमला बोगदा माहीत नाही, त्याला वरचा डोंगर दिसतो. लांब बोगद्याच्या आत रस्ता तुटलेला असेल, म्हणजे मध्ये नोड असेल, तर त्या नोडची उंची डोंगरमाथ्याची येते आणि गाडी बोगद्यात शेकडो मीटर चढून उतरते असा हिशेब लागतो. खंबाटकी आणि कशेडी दोन्हीकडे असं होऊ शकतं. मी बोगद्यांचे तुकडे हाताने निवडून चढ शून्य केला. लांब पुलांवरही उलट्या बाजूने हेच, तिथे उंची खालच्या ओढ्याची येते.

फेरीबोटीचंही असंच. गुहागरचा माल उतरवून दापोलीला जायचं तर धोपावेहून दाभोळला बोटीत गाडी चढवली की वाशिष्ठीची खाडी पार, नाहीतर चिपळूण, खेड करत मोठा वळसा. ओएसएममध्ये फेरीचा मार्ग आहे, पण भरणाऱ्या टूलच्या ठरावीक कॉन्फिगमध्ये फक्त रस्ते येतात, फेरी गळते. मी ती ओळ स्वतः घातली, धक्क्याजवळच्या नोडना सोर्स-टार्गेट जोडले आणि कॉस्टमध्ये गाडीचं तिकीट टाकलं.

स्वतः ओळी घालताना किंवा दुसरीकडनं गावरस्त्यांची फाइल आणताना एक सांभाळा. नोड नेटवर्क नावाचं फंक्शन रेषा जिथे-जिथे एकमेकींना छेदतात तिथे तोडून नोड करतं. हायवेवरचा उड्डाणपूल आणि त्याखालनं जाणारा गावचा रस्ता नकाशावर छेदतात, मग पुलावरनं गाडी खाली उडी मारते. ओएसएमचा डेटा त्या टूलने भरला तर ही अडचण नसते, तिथे सामाईक नोड असेल तरच जोड धरली जाते. दोन्ही डेटा एकत्र करून सगळ्यावर हे फंक्शन चालवू नका, फक्त गावरस्त्यांवर चालवा आणि मग जोडा.

शून्य ओळी येण्याचं दुसरं कारण म्हणजे बेटं. डीलरच्या दुकानाजवळचा नोड म्हणून जो सापडतो तो एखाद्या आवारातल्या रस्त्याचा असतो आणि ते आवार नकाशात बाहेरच्या रस्त्याला जोडलेलंच नसतं. कनेक्टेड कंपोनंट्सचं फंक्शन एकदा चालवून सगळ्यांत मोठा गट तेवढा ठेवा, जवळचा नोड त्याच गटातनं शोधा. दुकान रस्त्याच्या मधोमध असेल तर विथ पॉइंट्स वापरा, त्यात गाडी कुठल्या बाजूने चालते हे सांगता येतं, आपल्याकडे डावी. दुभाजक असलेल्या रस्त्यावर याने मोठा फरक पडतो, नाहीतर पलीकडचं दुकान जवळचं वाटतं.

उत्तर नकाशावर काढताना ओळी सीक्वेन्सने लावा आणि जो तुकडा टार्गेटकडनं सोर्सकडे जाताना वापरलाय त्याची रेषा उलटी करून घ्या. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं रंगवलं तर बरोबर दिसतं, पण ड्रायव्हरच्या फोनवर वळणं सांगायची झाली की डावं-उजवं उलटं होतं.

टीएसपीच्या, म्हणजे सगळे थांबे कमीत कमी खर्चात घेणारा क्रम काढायच्या, फंक्शनने मात्र निराशा केली. ते मॅट्रिक्स दोन्ही दिशांना सारखं धरून चालतं, आणि माझ्याकडे तर चढ-उतारामुळे जाण्यायेण्याचे खर्च मुद्दाम वेगळे आहेत. एका गाडीला सहा थांबे असले तर ७२० क्रम होतात, ते मी साध्या रिकर्सिव्ह क्वेरीने सगळे तपासतो, क्षणात होतं. त्यापेक्षा जास्त थांबे आमच्या गाडीला दिवसात होतच नाहीत.

व्हर्जनबद्दल जपून राहा. नेटवर अजून १.एक्सच्या काळातली उत्तरं सापडतात ज्यांत फंक्शनचं नाव नुसतं शॉर्टेस्ट पाथ आहे, २.० पासून सगळ्या नावांना पीजीआर लागलं. ३.६ मध्ये ड्रायव्हिंग डिस्टन्सच्या (ठरावीक खर्चात कुठवर पोचता येतं ते काढणारं फंक्शन) उत्तरात नवे कॉलम आले, कॉलमच्या जागेवर विसंबून लिहिलेलं काही असेल तर मोडेल, नावाने घ्या. क्रिएट टोपोलॉजी (तुकड्यांचे सोर्स-टार्गेट भरणारं फंक्शन) ३.८ मध्ये डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे वापरू नये असं, झालं, त्याऐवजी एक्स्ट्रॅक्ट व्हर्टिसेस वापरून सोर्स-टार्गेट स्वतः भरायचे. मी दिवाळीपर्यंत, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या लागणीची गडबड संपेपर्यंत, काहीही अपग्रेड करणार नाही. नंतर आधी लॅपटॉपवर चढवून जुन्या सगळ्या मार्गांचे रुपये जुळतायत का बघेन, मगच सर्व्हरला हात लावेन.